घारापुरी आधी बंदर होतं

गेटवेवरून सुटलेली लाँच तासाभरात घारापुरीच्या धक्क्याला लागते. मंडळी छोट्या आगगाडीने नाहीतर पायी टेकडीच्या पायथ्याशी येतात, दुकानांच्या रांगेतून सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढतात, पहिलं लेणं पाहतात, महेशमूर्तीपुढे फोटो काढतात आणि परतीच्या लाँचकडे वळतात. बेटाची ओळख त्या एका लेण्यापुरती राहते. लेणं आहेच तेवढ्या तोलाचं. पण ज्या बंदराच्या जिवावर या खडकात माणूस टिकला, ते बंदर बेटाच्या कडेकडेने चिखलात, विटांच्या तुकड्यांत आणि खापरांत अजून शिल्लक आहे आणि तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. बंदर समजलं की लेणं इथेच का, याचंही उत्तर मिळतं.

तीन खाड्यांचा तिठा

घारापुरी रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येते. गेटवेपासून अंतर सुमारे 10 किलोमीटर. बेटावर तीन वस्त्या: वायव्येला शेतबंदर, ईशान्येला मोराबंदर, दक्षिणेकडे राजबंदर. तिन्ही नावांत ‘बंदर’ आहे, हे सहज विसरलं जातं. (उरणचा मोरा धक्का वेगळा आणि बेटावरचं मोराबंदर वेगळं. होडी ठरवताना या नावाचा घोळ हमखास होतो.)

नकाशा उघडून बेटाच्या चहूबाजूंना पाहा. पश्चिमेला मुंबई, दक्षिणेला उरण-करंजाची डोंगररांग. पावसाळ्यात नैऋत्येकडून येणाऱ्या मोठ्या लाटा या दोघांवर आपटून मोडतात आणि घारापुरीपाशी पाणी त्या मानाने शांत राहतं. उत्तरेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पनवेलची खाडी आणि करंजाला वळसा घातला की पाताळगंगा आणि अंबा नद्यांचं पाणी आणणारी धरमतरची खाडी. या खाड्यांच्या टोकाशी घाटवाटा सुरू होतात. पनवेलवरून बोरघाटाने वर गेलं की कार्ले-भाजे. ठाण्याच्या अंगाने कल्याण, तिथून नाणेघाट चढून जुन्नर आणि पुढे पैठण. देशावरचा माल घाट उतरून खाडीत यायचा, खाडीने समुद्राकडे यायचा, आणि या सगळ्या पाणवाटा जिथे एकत्र येतात तिथे मधोमध हे बेट उभं आहे.

मग जहाजं थेट कल्याणलाच का जात नसत? जात असतीलही, पण ते जिकिरीचं काम होतं. खोल समुद्रात चालणाऱ्या जहाजाचा बराच भाग पाण्याखाली असतो. खाडीत गाळाचे बांध दर पावसाळ्यात जागा बदलतात, वळणावर वारा अडतो, आणि ओहोटीत जहाज एका कुशीवर कललं तर आतल्या मालासकट फळ्या उचकटतात. ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखलं जाणारं पहिल्या शतकातलं ग्रीक भाषेतलं टिपण एका व्यापाऱ्याने लिहिलं आहे. त्यात भडोचबद्दल नेमकी हीच अडचण नोंदवली आहे. तिथल्या राजाच्या चाकरीतले कोळी ‘त्राप्पगा’ आणि ‘कोटिंबा’ जातीच्या होड्या घेऊन परदेशी जहाजांना सामोरे जात आणि भरतीच्या वेळा धरून त्यांना नदीतून ओढत आत आणत. ज्याला खाडी ठाऊक त्याच्याच हाती व्यापाराची किल्ली, हे कोकणातल्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, वेगळं सांगायला नको.

म्हणून खाडीच्या तोंडाशी आडोशाचं एखादं बेट मिळालं की काम सोपं होतं. मोठं जहाज तिथे नांगरायचं, माल लहान होड्यांत उतरवायचा, होड्या भरतीबरोबर आत पाठवायच्या. राजाच्या दृष्टीनेही बेट सोयीचं, कारण जकात चुकवून पळायला वाट नसते.

भरतीचं गणित

बंदर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दगडी धक्का येतो. जुन्या कोकणात बहुतेक बंदरांना धक्का नव्हता. किनाराच धक्का होता आणि भरती-ओहोटी हीच क्रेन होती. तारू भरतीला किनाऱ्याजवळ घ्यायचं, पाणी उतरलं की ते मऊ चिखलावर बसतं, मग माणसं गुडघाभर चिखलातून डोक्यावर माल वाहून आणतात आणि साधारण साडेबारा तासांनी पुढच्या भरतीला तारू पुन्हा तरंगतं. घारापुरीभोवती ओहोटीला चिखलाचा जो रुंद पट्टा उघडा पडतो तो सहलीला आलेल्यांना नकोसा वाटतो. जुन्या खलाशाला मात्र तो हवाच असायचा. खडकावर तारू टेकलं तर तळ फुटतो, चिखलावर टेकलं तर काही होत नाही.

भरतीची वेळ काढायची कोकणातली रीत आजही चालते: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर 5 गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. त्या दिवशी पूर्ण भरती दुपारी पावणेचारच्या सुमारास आणि तशीच पहाटे. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. शुद्ध पक्ष असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासून नव्याने. पूर्ण ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. हे गणित का जमतं? चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा त्याच जागी येतो आणि तिथीमागे पाऊण तास म्हणजे 45 मिनिटं. फरक इतका थोडा की होडी काढायला पुरेसा. जहाजाच्या कामाला मात्र बंदर खात्याचं छापील भरतीपत्रकच धरावं.

वेळेइतकीच उंचीही महत्त्वाची. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत साडेतीन ते साडेचार मीटरचा फरक पडतो, भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याच्या, दिवसांत जेमतेम दीड मीटरचा. नवख्याची फसगत होते ती इथे. पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाणाचं पाणी सर्वांत वर चढतं. त्या दिवशी कोणी हौसेने तारू अगदी वरपर्यंत आणून टेकवलं, तर दुसऱ्या दिवसाची भरती थोडी खाली राहते, तिसऱ्या दिवसाची आणखी खाली. तारू कोरडंच. पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे जवळजवळ पंधरा दिवस, ते तिथेच अडकून पडतं. त्यामुळे जाणता तांडेल पाणी चढतीला असताना, म्हणजे भांगाकडून उधाणाकडे जाणाऱ्या दिवसांत तारू किनाऱ्याला घेतो. आज रुतलं तरी उद्याचं पाणी जास्त असतं.

उधाणाच्या भरतीचा ओढाही कामाला येतो. बंदराच्या आत त्याचा वेग तासाला 4-5 किलोमीटरपर्यंत जातो. ओहोटी सरून पाणी फिरलं की घारापुरीवरून भरलेली होडी सोडायची. वल्ह्याची आणि शिडाची थोडी जोड मिळाली तर एका भरतीत ती पनवेलच्या खाडीत खूप आत जाते. परतीला ओहोटी फुकट बाहेर आणते. इंधनाविना चालणारी ही ने-आण शेकडो वर्षं चालली.

वाऱ्याचं वेळापत्रक

भरती रोजची, वारा वर्षाचा. तांबड्या समुद्राकडून येणारी जहाजं जुलैत इजिप्तचा किनारा सोडत आणि मोसमी वाऱ्याचा जोर उतरत असताना, सप्टेंबरच्या सुमारास, आपल्या किनाऱ्याला लागत. त्याआधी आलं तर पावसाळी समुद्र किनाऱ्यावर आदळून फोडायचा. परतीला ईशान्येचा वारा हवा, म्हणजे डिसेंबर-जानेवारी. मधले तीन-चार महिने परदेशी व्यापारी इथे अडकलेलाच असायचा. तेवढ्यात माल विकायचा, देशावरून कापड, अकीक, हस्तिदंत घाट उतरून येईपर्यंत थांबायचं, तारवाची डागडुजी करायची.

अडकलेल्या माणसाला लागतं पाणी. 25 माणसांचं जहाज, दर माणशी दिवसाला 4 लिटर, समुद्रात 30 दिवस असा साधा हिशेब केला तरी 3,000 लिटर, म्हणजे 3 टन गोडं पाणी नुसतं भरून न्यायला लागतं. राहायच्या महिन्यांचं वेगळंच. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावर एवढं पाणी कुठून आणायचं? पावसातून. चार महिन्यांत इथे दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो साठवायला टाकी लागतात. कोकणातल्या लेण्यांत कोरीव टाकी दिसतात ती याच कामाची. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. घारापुरीच्या पहिल्या लेण्यात पश्चिमेच्या अंगणाशी असं मोठं टाकं आहे. पर्यटक त्यात डोकावून पुढे जातात. बंदराच्या दृष्टीने ते नटराजाइतकंच मोलाचं.

खापरं काय सांगतात

बेटावर आणि त्याच्या भरतीरेषेत मिळालेली परदेशी खापरं हा या बंदराचा सर्वांत पक्का पुरावा. त्यांत दोन जाती ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली, अँफोरा. भूमध्य समुद्राकडचा मोठा रांजण. गळा अरुंद, दोन्ही बाजूंना उभे कान, बूड निमुळतं. एका प्रमाण अँफोऱ्यात सुमारे 26 लिटर द्राक्षाची दारू किंवा तेल मावायचं. बूड निमुळतं का? जहाजाच्या पोटात असे रांजण एकमेकांच्या खांद्यांच्या फटीत टेकवून थरावर थर रचता येतात, आणि उतरवल्यावर वाळूत रोवले की हलत नाहीत. ओतताना एक हात कानाला, दुसरा बुडाला. खापर हातात आलं तर जाडी पाहा, बोटाएवढी किंवा जास्त. एका जातीचे कान दोन बोटं जोडून ठेवावीत तसे जोडकांबीचे असतात. मोडलेल्या कडेला इटलीतल्या व्हेसुव्हियसच्या परिसरातल्या मातीचे बारीक काळे चमकदार कण दिसले तर तो माल तिकडचा. ‘पेरिप्लस’मध्ये भडोचला उतरणाऱ्या मालात दारू आहे आणि इटलीच्या दारूला जास्त पसंती असल्याचंही लिहिलं आहे.

दुसरी जात इराणच्या आखाताकडची. तिला अभ्यासक ‘टॉर्पेडो’ रांजण म्हणतात, आकारावरून. याला कान नाहीत, अंग लांबट आणि आतून काळा डांबराचा लेप. भाजलेली माती पातळ पदार्थ शोषते आणि झिरपू देते, म्हणून हा लेप. इराक-इराणच्या भागात नैसर्गिक डांबर जमिनीतूनच मिळतं, रोमकडचे लोक त्याऐवजी झाडाची राळ लावत. खापराच्या आतल्या अंगाला काळा, गुळगुळीत, किंचित सोललेला थर दिसला तर तो जळका डाग समजू नका.

या दोन जाती शेजारी ठेवल्या की बंदराचं आयुष्य उलगडतं. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत व्यापार तांबड्या समुद्राच्या वाटेने रोमशी होता. तो ओसरल्यावर बंदर बंद पडलं असं नाही, गिऱ्हाईक बदललं. इराणी आखाताची वाट जोरात आली. सहाव्या शतकात कॉसमस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने, जो पुढे साधू झाला, कल्याणचा उल्लेख मोठी बाजारपेठ म्हणून केला आहे. तिथून तांबं, शिसवीचे ओंडके आणि कापड निघे आणि तिथल्या ख्रिस्ती वस्तीचा धर्मगुरू इराणातून नेमून येई, असं तो लिहितो. हाच काळ लक्षात ठेवा, कारण घारापुरीचं मोठं लेणंही सहाव्या शतकाच्या मध्याचं.

त्याआधीची वस्ती बौद्ध होती. पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत, म्हणून तिला स्तूपटेकडी म्हणतात. बेटावरच्या सात लेण्यांपैकी पाच पश्चिमेच्या टेकडीत, दोन या पूर्वेच्या. व्यापाऱ्यांचा आणि बौद्ध विहारांचा संबंध कोकणात जुना. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याण, सोपारा, चौल इथल्या दात्यांची नावं कोरलेली आहेत.

लेण्याचा खर्च

पहिल्या लेण्याचा मुख्य मंडप सुमारे 27 मीटर लांब-रुंद, पुढच्या-मागच्या ओवऱ्या धरून 39 मीटरच्या आसपास, आणि उंची पाच मीटर. खांब वगळून, ओवऱ्या मिळवून हात राखून हिशेब धरला तरी 4,000 घनमीटर खडक बाहेर काढावा लागला असणार. बेसॉल्ट घनमीटरला पावणेतीन टन भरतो. म्हणजे 11,000 टन दगड, छिन्नी-हातोड्याने. हा आकडा ढोबळ आहे, पण कामाचा आवाका त्यातून कळतो.

खोदकाम वरून खाली चालतं. आधी छताची पातळी धरून आत शिरायचं, छत तासून पुरं करायचं, मग खांबांच्या जागा सोडून खाली उतरत जायचं. उभं राहायला खालचा खडक असतोच, परांची बांधावी लागत नाही. चूक झाली तर मात्र दुरुस्ती नाही. काढलेला दगड परत चिकटत नाही. खांबांची घडण पाहा. खाली चौकोनी, वर पन्हळी पाडलेला गोल, आणि माथ्यावर भार पडून दबल्यासारखी उशी. ती उशी छताचा भार पेलते असं वाटतं, पण छत आणि खांब एकाच दगडाचे असल्याने ती केवळ डोळ्यांच्या समाधानाला आहे. कारागिराचा हात किती तयार होता ते तिथे समजतं.

छिन्न्या बोथट होतात, रोज त्यांना पुन्हा धार काढावी लागते. त्याला लोहार, कोळसा, लोखंड. पाथरवटांना धान्य. बेटावर शेती नावापुरती, तेव्हा हे सगळं होडीने यायचं. पैसा कोणी दिला? सर्वांत पटणारं उत्तर कलचुरी राजा कृष्णराज, काळ साधारण इसवी सन 550 ते 575. तो स्वतःला नाण्यांवर ‘परममाहेश्वर’, म्हणजे शिवाचा परमभक्त, म्हणवतो, नाण्याच्या मागे नंदी असतो, आणि त्याची तांब्याची बारीक नाणी घारापुरीवरच मिळाली आहेत. हलक्या किमतीची नाणी सहसा दूर जात नाहीत, जिथे मजुरी आणि किरकोळ खरेदी चालते तिथेच फिरतात. म्हणून ती कामगारांच्या मजुरीची असावीत असा तर्क मांडला गेला. त्याचा चांदीचा रुपक सुमारे 2 ग्रॅमचा, नखाएवढा. तो कोकणात आणि नाशिक भागात इतका रुळला की 710 साली, राजा जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाल्यावर, अंजनेरीच्या ताम्रपटात ‘कृष्णराज रुपक’ म्हणूनच रकमा लिहिल्या आहेत. बाजाराने एखाद्या नाण्यावर इतका विश्वास ठेवावा, यावरून त्या काळच्या इथल्या व्यापाराचा जोर ओळखावा.

मूर्तींबद्दल एकच गोष्ट, कारण ती चुकीची सांगितली जाते. दक्षिणेच्या भिंतीतली सुमारे साडेपाच मीटर उंचीची त्रिमूर्ती ब्रह्मा-विष्णू-महेश यांची नाही. ती तिन्ही मुखं शिवाचीच: आपल्या डाव्या हाताला मिशीचा उग्र अघोर, मधे शांत तत्पुरुष, उजव्या हाताला कमळ धरलेलं कोमल वामदेव किंवा उमेचं मुख. शिवाचं हेच सदाशिव रूप.

‘पुरी’ कोणती

चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या ऐहोळे इथल्या 634 सालच्या शिलालेखात कवी रविकीर्ती कोकणच्या मौर्यांचा पाडाव सांगतो. त्यांची नगरी ‘पुरी’, पश्चिम समुद्राची लक्ष्मी. पुलकेशीने तिच्यावर शेकडो नावा घातल्या आणि त्या नावा माजलेल्या हत्तींच्या कळपासारख्या दिसत होत्या, असं वर्णन आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी असं काही अभ्यासक मानतात, काही जंजिऱ्याजवळची राजपुरी धरतात. घारापुरी लहान आहे, राजधानी कशी मावेल, हा पहिल्या मताला मोठा आक्षेप. पण बंदर आणि जकातनाका एवढंच बेटावर आणि बाकीची वस्ती आसपासच्या किनाऱ्यावर असेल, तर आक्षेपाचा जोर कमी होतो. त्या काळच्या युद्धनौका कशा असतील याचा थोडा अंदाज बोरिवलीच्या एक्सर गावातल्या वीरगळांवरून येतो. ते नंतरच्या काळातले आहेत, पण उंच नाळेच्या नावा आणि वल्ह्यांची रांग त्यांत स्पष्ट कोरली आहे.

शिलाहारांच्या काळी ठाणे मोठं झालं, चौल होतंच, आणि बेटाचं महत्त्व उतरत गेलं. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यात हे बेटही गेलं. राजबंदराला उतरल्यावर त्यांना दगडात कोरलेला मोठा हत्ती दिसला, सुमारे 13 फूट लांब. त्यावरून त्यांनी बेटाला हत्तीचं नाव दिलं, तेच पुढे इंग्रजीत ‘एलिफंटा’ झालं. आपण घारापुरीच म्हणावं; ‘अग्रहारपुरी’वरून आलेलं नाव असावं असं एक मत आहे.

पोर्तुगीज काळातलं सर्वांत मोठं नुकसान मूर्तींच्या मोडतोडीपेक्षाही वेगळं आहे. लेण्याच्या दाराशी एक कोरीव लेखाचा दगड होता. तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला गेला. तिथे कोणाला वाचता आला नाही आणि पुढे तो हरवला. लेणं कोणी, केव्हा खोदलं हे त्यात असण्याची शक्यता फार. आज नाण्यांवरून आणि शैलीवरून जो तर्क करावा लागतो तो त्या एका दगडाने टळला असता. पुरावशेष जागेवरून हलवायचा नाही, असं वारंवार का बजावलं जातं याचं याहून बोलकं उदाहरण महाराष्ट्रात नाही.

हत्तीचंही तेच झालं. 1814 मध्ये त्याचं मुंडकं गळून पडलं, नंतर धडही ढासळलं. 1864 मध्ये तो विलायतेला न्यायच्या खटपटीत यारी (क्रेन) मोडली. तुकडे मुंबईत आले, 1914 मध्ये सांधले गेले आणि आज तो भायखळ्याला, राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. बागेत पेंग्विन पाहायला जाणाऱ्या शेकडो मुलांना तो दिसतो, पण तो घारापुरीचा, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

बाकी राजकारण थोडक्यात. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई घेतली. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीबरोबर हे बेटही बळकावलं आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झालं. तोवर सगळा व्यापार मुंबईच्या धक्क्यांवर गेलेला होता. बेटावरच्या माथ्यावर इंग्रजांनी दोन मोठ्या तोफा बसवल्या, त्या आजही तिथे आहेत.

बंदर पाहायचं तर

सोमवारी लेणी बंद असतात. जाताना पंचांग पाहून जा. चिखलाचा पट्टा आणि जुनी भरतीरेषा दिवसाउजेडी उघडी हवी असेल तर द्वादशी-त्रयोदशी गाठा. पाऊणपटीच्या हिशेबाने पूर्ण ओहोटी दुपारी तीन ते चारच्या दरम्यान येते. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराला पाणी वरपर्यंत चढलेलं असतं, काहीच दिसत नाही. शेवटच्या लाँचची वेळ धक्क्यावर उतरतानाच विचारून ठेवा, कारण पर्यटकांना रात्री बेटावर राहता येत नाही. पावसाळ्यात बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला असेल तर बेत रद्द करा.

आधी मोराबंदरकडे वळा आणि मग लेण्यात जा, म्हणजे डोळा तयार होतो. गावातल्या जाणत्या माणसाला सोबत घ्या. कोणत्या बाजूला चिखल धरतो आणि कुठे माणूस कमरेपर्यंत जातो हे त्यालाच माहीत. चिखलात उतरू नका, कडेनेच फिरा. तिवरांच्या मुळांत अडकलेला भाजक्या विटेचा तुकडा किंवा जाड खापर दिसलं तर वाकून पाहा, पट्टी किंवा नाणं शेजारी ठेवून फोटो काढा, जागा नीट टिपून ठेवा आणि वस्तू तिथेच राहू द्या. खिशात घातलेलं खापर हे फक्त खापर उरतं. ते भरतीरेषेपासून किती आत होतं, कोणत्या थरात होतं, शेजारी काय होतं यावरच त्याचं सांगणं अवलंबून असतं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, आणि जमिनीतून निघालेल्या ठेव्याला 1878 पासूनचा निखात निधी कायदा लागू आहे. काही विशेष दिसलं तर लेण्यांवरच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कर्मचाऱ्याला सांगा.

लेण्यातही पाण्याकडे लक्ष द्या. मूर्तींचे वरचे भाग बऱ्यापैकी शाबूत आणि पाय, मांड्या, खांबांची बुडं झिजलेली असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. माणसांनी मोडलेलं आहेच, पण त्याबरोबर फटींतून झिरपणारं पावसाचं पाणी, तळाशी साचणारी ओल आणि खारी हवा यांचाही वाटा मोठा. पाणी सुकताना क्षार दगडाच्या छिद्रांत फुगतात आणि पापुद्रे सुटतात. हाताचा घाम आणि तेलही तेच काम करतात. म्हणून मूर्तीला हात लावायचा नाही, ‘सगळेच लावतात’ म्हणून तर मुळीच नाही.

1987 मध्ये लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून बेटावर वीज मात्र 2018 मध्ये पोचली. मधली एकतीस वर्षं गावकऱ्यांनी जनरेटरच्या तीन-चार तासांवर काढली. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते, हा नियमही त्यांच्याच घरादारावर येतो. या बेटाची राखण रोज तेच करतात. खानावळीत जेवा, होडी आणि वाटाड्या गावातलाच घ्या.

मोराबंदरच्या कडेला उभं राहून आग्नेयेला पाहिलं की न्हावा-शेवाच्या क्रेन दिसतात. ते बंदर 1989 मध्ये सुरू झालं. कंटेनरची जहाजं त्याच आडोशाच्या पाण्यातून आत येतात, त्यांना आत आणायला अजूनही वाटाड्या लागतो, आणि सगळ्यांत मोठ्या जहाजांना अजूनही भरती धरावी लागते.